खालचा उजवा कोपरा

"इथं मला ताई म्हणू नको."

मी रिक्षातून गादीची वळकटी ओढत होते. एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात आईनं दिलेला लाडवांचा डबा. मेघनाताई हॉस्टेलच्या गेटला टेकून उभी होती. केस मोकळे सोडलेले, डोळ्यांत काजळ. आमच्या गावी, औशात, असं केस सोडून ती कधी गल्लीच्या टोकापर्यंतही गेली नव्हती.

"मग काय म्हणू? मॅडम?"

"मेघना म्हण. एकाच वर्गात आहोत आता. ताई म्हणलीस की सगळे विचारत बसतील."

"काय विचारतील?"

"संजू, चल वर. ऊन लागायलं."

तिनं डबा तेवढा घेतला आणि पुढं निघाली. गादी मीच जिने चढवली.

ताई माझ्याहून वर्षानं मोठी. आमचे पप्पा औशाच्या बसस्टँडमागं शिवणकाम करतात, शाळेचे गणवेश ही त्यांची खासियत. जूनमध्ये अर्ध्या तालुक्याच्या पोरी पप्पांनी शिवलेले कोरे करकरीत ड्रेस घालून शाळेत जायच्या आणि शिंप्याची धाकटी पोरगी मात्र ताईचा जुना. ताई उंच आणि सडसडीत, मी बुटकी आणि रुंद. पप्पा खालून दुमडायचे, बगलेत उसवायचे आणि म्हणायचे, "दोन टाके मारले की तुझाच." पुस्तकं तिची, कंपासपेटी तिची, सायकल तिची. बाईसुद्धा वर्गात हजेरी घेताना थांबून विचारायच्या, "मेघनाची बहीण का तू?" मी हो म्हणायची, आणि माझ्या पोटात दुखायचं. पोटात दुखणं हा नुसता वाक्प्रचार नाही, खरंच दुखतं, बेंबीच्या वर.

ताई दहावीला शाळेत पहिली आली. घरात किलोभर पेढे आले. तिला लातूरला सायन्सला घातलं, खोली करून दिली, क्लास लावले. ती डॉक्टर होणार हे आमच्या किराणावाल्यालासुद्धा माहीत होतं. पुढच्या वर्षी माझा निकाल लागला. पेढे आले नाहीत असं नाही, आले, पण पावशेर.

"दोघी लातूरला झेपायच्या नाहीत मला," पप्पा मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "ताई डोक्यानं हुशार आहे. तू हातानं चांगली आहेस. डिप्लोमा कर. लौकर हाताला काम लागंल."

मी सरकारी पॉलिटेक्निकला गेले. सिव्हिल घेतलं. आणि तिथं एक चमत्कार झाला. ड्रॉइंगसाठी मिनीड्राफ्टर, म्हणजे बोर्डाला अडकवायची सरकती पट्टी लागते, ती ताईकडं नव्हती. त्यामुळं तो नवा आणावा लागला. आयुष्यातली माझी पहिली कोरी वस्तू. मी कंपासच्या टोकानं त्याच्या पट्टीवर माझं नाव खरवडलं: संजीवनी बा. जाधव. त्या ड्राफ्टरनं मी पहिली दोन वर्षं इतकी घरं काढली की सर माझ्या शीट फळ्याशेजारी लावायचे.

तिकडं ताईचा नंबर मेडिकलला लागला नाही. तिनं एक वर्ष परत परीक्षा दिली, तरी नाही. मग नांदेडला एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला गेली आणि योगायोग बघा, तिलाही सिव्हिलच मिळालं. पप्पांचा फोन आला. "तुझा ड्राफ्टर दे ताईला. तुझं काय, आता होतच आलंय."

घरातली जुनी वस्तू माझ्याकडून तिच्याकडं जाण्याची ही पहिलीच वेळ. मला मेलीला त्याचाही आनंद झाला नाही.

डिप्लोमावाल्यांना चांगले मार्क पडले तर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. मला पडले. नंबर लागला तो ताईच्याच कॉलेजात, ताईच्याच वर्गात. ती बारावी करून, एक वर्ष परीक्षेत घालवून, पहिलं वर्ष करून जिथं पोचली होती, तिथं मी पॉलिटेक्निकच्या वाटेनं पोचले. मी धावत दुकानात गेले. पप्पांनी तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाले,

"बरं झालं. ताईला सोबत झाली."

माझ्या ॲडमिशनचं हे एवढंच कौतुक.

डिप्लोमावाल्यांची ॲडमिशन उशिरा होते. आम्ही वर्गात गेलो तेव्हा शिकवायला सुरुवात होऊन बरेच दिवस झालेले, बाकं वाटून घेतलेली, गट पडलेले. आमचे रोल नंबर यादीच्या शेवटी आणि आमची जागा पंख्याविना असलेल्या मागच्या बाकांवर. ताई दुसऱ्या बाकावर, सानिका बेलसरे नावाच्या नांदेडच्याच मुलीशेजारी. सानिकाच्या पाण्याच्या बाटलीलासुद्धा कव्हर होतं.

पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी ताईकडं गेले. आईनं सांगितलेलं एक काम होतं. मी तोंड उघडायच्या आतच सानिकानं विचारलं, "ही कोण गं?"

ताई डब्याचं झाकण लावत होती. ते नीटच लागत होतं, तरी तिनं परत काढून लावलं.

"आमच्या गावची आहे," ती म्हणाली. "डिप्लोमाची."

आमच्या वर्गात जाधव चार होते. आडनावावरून कुणाला काही कळणार नव्हतं. मी काम न सांगताच मागच्या बाकावर येऊन बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. गावची! गावची तर आमच्या घरासमोरची म्हैसपण होती.

त्यानंतर मी ताईला मेघना म्हणायला लागले. मुद्दाम. हॉस्टेलच्या खोलीत दोघीच असलो तरी. "मेघना, बादली दे." "मेघना, आईचा फोन आहे." तिला ते झोंबायचं, मला दिसायचं, आणि मला बरं वाटायचं.

पण झोंबायचं मलाच जास्त. गणिताच्या तासाला सर फळाभर इंटिग्रेशन लिहायचे. बारावी न केलेल्या आम्हाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही आणि दुसऱ्या बाकावरून ताई अलगद उत्तर सांगायची. ती इंग्रजीत शंका विचारायची. सानिका तिच्या गळ्यात हात टाकून कँटीनला न्यायची. मी मागून बघत असायची. रात्री ताई मला तीच गणितं समजावून सांगायची, न कंटाळता, हे खरं आहे. पण चांगलं वागणाऱ्या माणसावर जळणं फार अवघड असतं, आणि मी ते अवघड काम रोज करायची.

माझ्याकडं एकच गोष्ट होती. ड्रॉइंग. आमचे हुंडेकर सर सगळ्या वर्गाला एकच घर द्यायचे, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, जिना. त्याचा प्लॅन, दर्शनी बाजू आणि उभा छेद काढायचा. ड्राफ्टर ताईकडं होता म्हणून मी टी-स्क्वेअर आणि गुण्यांवर भागवायची. तरी सर माझ्या बोर्डपाशी थांबायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. हुंडेकर सरांचं न बोलणं ही मोठी पदवी होती. ताईच्या बोर्डपाशी मात्र ते बोलायचे. तिचा जिना कधी वरच्या मजल्याला पोचायचाच नाही. पहिल्या वर्षाचा ग्राफिक्सचा, म्हणजे ड्रॉइंगचाच, विषय तिचा राहिलाय, हे मला इथं आल्यावर कळलं. घरी ते कुणालाच माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. ते गुपित मी खडीसाखरेसारखं तोंडात धरून होते.

सबमिशनच्या आधीच्या रविवारी दुपारी ती माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली.

"संजू, तुझ्या शीट झाल्या?"

"झाल्या."

"सगळ्या?"

"तुझ्या?"

तिचे डोळे सुजले होते. "मला नाही जमायलं गं. ह्या वेळेला टर्म गेली तर पप्पांना काय सांगू? आधीच एक विषय..."

मी वाट बघत राहिले. तिनं मागावं असं मला वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा तिनं माझ्यापुढं हात पसरावा.

"मला जीटी मारू दे. सरळच सांगते."

जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खाली पुरी झालेली शीट, वर कोरी शीट, मागून उजेड, आणि रेघेवर रेघ. इंजिनिअरिंगच्या पोरांची ही जुनी विद्या. पॉलिटेक्निकला मी कुणाला शीट देत नव्हते.

"घे," मी म्हणाले. "पण आधी एक सांग. सानिकाला सांगितलंस का, मी कोण ते?"

"सांगते गं. सबमिशन होऊ दे."

"मागच्या महिन्यात पण हेच म्हणालीस."

"संजू, खरंच सांगते. तुझी शपथ."

तिनं शीट खिडकीच्या काचेवर टेपनं चिकटवल्या. बाहेर कडक ऊन होतं. काचेवर माझं घर उजळून निघालं, भिंतींची तिरपी रेघाटी, खिडक्या, पायरी न् पायरी. ती ड्राफ्टरसुद्धा न घेता पट्टीनं सरळ रेघा ओढत सुटली. मी पलंगावर लाडू खात बघत होते. मला खूप छान वाटत होतं आणि खूप वाईटही. माझं घर तिच्या हातून तिचं होत होतं. आता तिला दोन टाकेसुद्धा मारायची गरज नव्हती.

तिची शीट झाली तशी ती गुंडाळून ताई सानिकाच्या घरी गेली. तिथल्या खिडकीला पण काच होती.

सबमिशनला ड्रॉइंग हॉलमध्ये सगळा वर्ग शीट गुंडाळून उभा होता. सर रोल नंबरानं बोलावत होते, म्हणजे आम्ही डिप्लोमावाले शेवटी. बेलसरे लौकरच आली. सरांनी सानिकाची शीट पसरली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि बराच वेळ बघत राहिले.

"वा," ते म्हणाले. सानिका खुलली. "बेलसरे, तुम्ही डिप्लोमा कधी केलात?"

"मी? नाही सर. मी बारावी."

"मग हे काय?"

त्यांनी बोट ठेवलं खालच्या उजव्या कोपऱ्यात. तिथं टायटल ब्लॉक असतो. नाव, वर्ग, शीटचा विषय, आणि संस्थेचं नाव. सानिकाच्या चौकटीत तिचं नाव होतं. संस्थेच्या जागी, सुबक ठाशीव अक्षरांत, लिहिलं होतं: गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक.

माझ्या काखेतली शीट एकदम जड झाली. मी कोपरा उलगडून बघितला. तेच. तीन वर्षं प्रत्येक शीटवर तेच लिहून हाताला इतकी सवय झाली होती की या कॉलेजात आल्यावरही हातानं मला न विचारता तेच लिहिलं होतं. आणि काचेवर रेघेवर रेघ मारणाऱ्यानं वाचायचं कशाला? ताईनं नाव बदललं, संस्था नाही. सानिकानंही तसंच केलं. आता इतक्या वर्षांनी मी नगरपरिषदेत घरांचे नकाशे तपासते, आणि कुणाचाही नकाशा आला तरी आधी तो कोपरा वाचते.

सगळा हॉल हसत होता. सानिकाचे कान लाल झाले. "सर, मी मेघनाची बघून काढली."

"मेघना जाधव. आणा बघू."

ताईनं शीट पसरली. सरांनी फक्त कोपरा बघितला.

"हेही पॉलिटेक्निक. आज काय सहल आली आहे का?" पुन्हा हशा. सर मात्र हसत नव्हते. "मूळ शीट कुणाची आहे? माझ्याकडं नियम एकच. जो उतरवतो त्याचीही टर्म अडकते, जो देतो त्याचीही. कोण आहे?"

टर्म अडकली तर वर्ष गेलं. पप्पा म्हणणार, तरी मी म्हणत होतो, डिप्लोमा पुरे होता.

सानिकानं मागं वळून माझ्याकडं हात केला. "त्या मुलीची असेल सर. मेघनाच्या गावची आहे ती."

"गावची?" सर म्हणाले.

"गावची नाही," ताई म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता की सरांनी मान पुढं केली.

"बहीण आहे सर माझी. सख्खी. धाकटी. शीट तिची आहे. ती देत नव्हती, मी मागून घेतली. मोठी आहे मी, तिला नाही म्हणता आलं नसतं. तिची टर्म अडकवू नका."

शिपाईसुद्धा दारात थांबला. मग सगळ्या माना ताईकडं वळल्या. सानिकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "मानलं यार." एका मुलीच्या तर डोळ्यांत पाणी.

इतके दिवस जे ऐकायला माझे कान आसुसले होते, ते तिनं भर वर्गात, खणखणीत पुरावा समोर असताना का होईना, सांगितलं होतं. मी आनंदानं रडायला पाहिजे होतं. आणि मला काय वाटलं? शीट माझी, घर माझं, अक्षर माझं, आणि कौतुक परत तिचं! माझ्याकडं एकानंही बघितलं नाही. चोरी करूनसुद्धा तीच उठून दिसली. माझ्या बेंबीच्या वर नेहमीच्या जागी दुखायला लागलं.

सरांनी चष्मा परत कपाळावर ढकलला. "दोघींच्या शीट रद्द. इथं बसून, माझ्यासमोर, नव्यानं काढायच्या. शुक्रवारपर्यंत. आणि त्या धाकट्या जाधव कुठं आहेत?"

मी पुढं गेले. त्यांनी माझी शीट बघितली. बघतच राहिले.

"हे नाव खोडा," ते म्हणाले. "तुम्ही आता इथल्या. आणि रोज बहिणीशेजारी बसायचं. सांगायचं तोंडानं. पेन्सिलीला हात लावलेला दिसला, तर तुमचीही टर्म गेली."

सानिकाच्या वडिलांची ओळख होती की काय, तिनं दुसऱ्याच दिवशी शीट काढून दिली, कशी ते देव जाणे. ताई मात्र रोज दुपारी हॉलमध्ये बसली. मी शेजारच्या स्टुलावर. सर पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत.

"पायरी आधी मोज," मी म्हणायची. "वर पोचायचंय तिला, हवेत नाही थांबायचं."

"मोजली."

"मग ही उरली कुठली? खोड."

ती खोडायची. नाकावर घामाचे थेंब. ड्राफ्टरच्या पट्टीवर माझं नाव तसंच होतं, आणि तिचं बोट सारखं त्याच्यावरून सरकत होतं. शेवटच्या दिवशी जिना वर पोचला. वाकडा नाही, तिकडा नाही. तिनं पेन्सिल ठेवली आणि हात झटकले.

मी इतके दिवस गिळलेलं विचारून टाकलं. "का लपवलंस? मी इतकी घाण दिसते का तुझ्या मैत्रिणींपुढं?"

"येडी आहेस का?"

"मग?"

"धाकटी एका वर्गात म्हणलं की पहिला प्रश्न, तू मागं कशी? मग रिपीट केलेलं आलं, मेडिकल हुकलेलं आलं, ग्राफिक्स आलं." ती खोडरबराचा भुगा फुंकत होती. "आणि तुझा नंबर इथं लागला म्हणून पप्पांचा फोन आला ना, तवा मला तापच भरला. खरंच. मला वाटलं, आता हिच्या शीट फळ्याला लागणार, आणि मी तिच्या शेजारी उभी. मी जळायची तुझ्यावर, संजू."

मी हसलेच. "तू? माझ्यावर?"

"आजचं नाही ते. लहानपणापासून."

"काहीतरी बोलू नको. माझ्याकडं होतं काय जळण्यासारखं? सगळं तुझं जुनं!"

"तेच तर." ताई माझ्याकडं बघत नव्हती. "पप्पांनी शिवलेला नवा ड्रेस किती कडक असायचा, तुला कुठं ठाऊक? खळीचं कापड. गळ्याला टोचायचं, काखेत काचायचं. वर्षभर मी तो घालायची, धुवायची, अंगानं मऊ करायची. आणि मऊ झाला रे झाला की पप्पा काढून तुला द्यायचे. मला परत कडक. लातूर पण तसलंच. तुला पप्पा म्हणायचे, पास हो. मला म्हणायचे, डॉक्टर हो. मी रात्री पडून तुझा विचार करायची. म्हणायची, काय मजा आहे हिची, हिला कुणी काही म्हणत नाही."

सरांनी पलीकडून बघितलं आणि परत पेपरांत मान घातली.

"टायटल ब्लॉक राहिला," मी शेवटी म्हणाले. "नीट लिही, ताई."

ताई म्हणाले, हे मला बोलून गेल्यावर कळलं. तिलाही कळलं. ती वाकून कोपऱ्यात कॉलेजचं नाव लिहायला लागली, एकेक अक्षर मोजून, ओठ दातांत धरून. मी स्टुलावर बसून तिच्या मानेकडं बघत होते. जन्मभर मी एकच गोष्ट खास माझी म्हणून सांभाळली होती, कुणाकडून न मिळालेली, कुणी न उसवलेली. आणि आज कळत होतं की तो हेवासुद्धा मला तिनं आधी वापरलेलाच मिळाला होता.